ग्रह वक्री की दृष्टी वक्री?

सज्जनहो, ज्या एका शब्दाने आपल्याकडील कितीतरी घरांची झोप उडविली आहे, तो शब्द आज चिंतनास घेऊ. तो शब्द म्हणजे ‘वक्री’. शनि वक्री आहे म्हणून विहिरीचे काम थांबते. मंगळ वक्री आहे म्हणून सोयरीक लांबते. गळ्यात तुळशीची माळ, मुखी नाम, आणि पोटात मात्र ग्रहाची धास्ती, असा हा प्रकार आहे. भीती कोणाचीही थट्टा करून जात नसते, ती समजुतीने जाते. म्हणून आज थोडी समजूत करून घेऊ.

वक्री होणे म्हणजे काय? मंगळ रोज रात्री पाहात गेले तर तो नक्षत्रांमधून थोडा थोडा पूर्वेकडे सरकताना दिसतो. असे पुष्कळ महिने चालते. मग त्याची चाल मंदावते, तो थबकतो, आणि सुमारे दोन ते अडीच महिने उलटा, पश्चिमेकडे जाऊ लागतो. पुन्हा थबकतो आणि पुन्हा सरळ वाटेला लागतो. हे डोळ्यांना दिसते, यात खोटे काही नाही. आपल्या पूर्वजांनी ते टिपून ठेवले, त्याचे गणित बसविले, याबद्दल त्यांना हात जोडावेत. पण जे दिसते ते तसेच असते काय? खरा प्रश्न इथे आहे.

ज्यांनी वारीतले गोल रिंगण पाहिले आहे, त्यांना सूर्यमाला समजावून सांगणे फार सोपे. मध्ये पालखी, आणि तिच्याभोवती धाव. कल्पना करा की आतल्या फेरीत एक चपळ वारकरी धावतो आहे आणि बाहेरच्या फेरीत एक पताकावाला सावकाश धावतो आहे. दोघांची दिशा एकच. पण आतला गडी बाहेरच्याला गाठून पुढे निघू लागला की त्याला काय दिसते? पलीकडच्या झाडांच्या रांगेवर नजर धरली तर तो पताकावाला मागे मागे सरकतो आहे असे दिसते! आता सांगा, तो मागे गेला काय? छे हो! तो आपला पुढेच चालला आहे. याचा वेग जास्त, म्हणून याला तो मागे गेल्यासारखा दिसला.

मंगळाचे नेमके असेच आहे. सूर्य मध्ये आहे. आपली पृथ्वी त्याच्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि ३६५ दिवसांत फेरी पुरी करते. मंगळ बाहेरच्या वाटेवर सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगाने जातो, त्याला एका फेरीस ६८७ दिवस लागतात. दर सुमारे २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला गाठून पुढे जाते. त्या वेळी तो ‘वक्री’ दिसतो. शनि त्याहून पुष्कळ दूर आणि पुष्कळ सावकाश, म्हणून पृथ्वी त्याला जवळजवळ दर वर्षी ओलांडते आणि तो दर वर्षी सुमारे साडेचार महिने वक्री दिसतो. ज्याला आपण शनीचा राग म्हणतो, ती आपल्याच पृथ्वीची चाल आहे.

नावेत बसलेल्याला काठावरची झाडे उलटी धावताना दिसतात, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात आहे. न चालणाऱ्या सूर्याचे चालणेही माउलींनी तेथेच दाखविले आहे. तेथे विषय कर्म आणि अकर्म यांचा आहे, खगोलाचा नाही. तेव्हा विज्ञानाचे शोध ओढूनताणून माउलींच्या पदरी बांधण्याचे कारण नाही, त्यांचे थोरपण त्यावर अवलंबून नाही. परंतु नावेचा हाच दाखला त्यांच्या कितीतरी आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने आपल्या ग्रंथात दिला, आणि तो मात्र आकाशासाठीच दिला. नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू उलट्या जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, कारण पृथ्वी फिरते. तेविसाव्या वर्षी या पुरुषाने हे लिहिले!

आता कोणी म्हणेल, ‘हे ग्रह धावतात तरी कोणाच्या सत्तेने? आणि सूर्यात जाऊन पडत का नाहीत?’ प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर न्यूटन नावाच्या इंग्रज पंडिताने १६८७ साली ग्रंथरूपाने दिले. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते. वस्तुमान जास्त तर ओढ जास्त. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई, तिप्पट झाले तर नववा हिस्सा. नियम एवढाच. जो आंब्याला, तोच चंद्राला.

जरा हिशेब करून पाहू. आंबा देठापासून सुटला की पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आंब्याच्या मानाने साठपट दूर आहे. म्हणजे त्याच्यावरची ओढ साठ गुणिले साठ, ३,६०० पट कमी. त्या मानाने चंद्र एका सेकंदात सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडला पाहिजे. आणि बघा, तो तेवढाच पडतो! पण त्याच सेकंदात तो एक किलोमीटर आडवा पुढे गेलेला असतो. पडणेही चालू, पुढे जाणेही चालू. त्या दोहोंच्या मेळाने त्याची वाट वाकते आणि पृथ्वीभोवती फिरत राहते. नुसती ओढ असती तर तो येऊन आदळला असता. नुसता वेग असता तर अंधारात भरकटला असता. ग्रहांचेही सूर्याशी असेच नाते आहे.

या सूर्याच्या घरात कोण कोण आहे तेही पाहू. सगळ्या सूर्यमालेच्या वस्तुमानापैकी शंभरात नव्याण्णवाहून अधिक भाग एकट्या सूर्याचा. उरलेल्या चिमूटभरात बाकी सारा संसार! आतले चार ग्रह बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे दगडमातीचे. पुढे लघुग्रहांचा पट्टा. त्यापलीकडे गुरु आणि शनि, हे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या हलक्या वायूंचे. शनि तर आकाराच्या मानाने इतका हलका की त्याची घनता पाण्याहूनही कमी आहे. त्याच्याभोवतीची सुंदर कडी बहुतांशी बर्फाच्या तुकड्यांची. ज्याच्या नावाने आपण तेल वाहतो आणि थरथर कापतो, तो असा आहे! त्याहून दूर युरेनस आणि नेपच्यून. नेपच्यून तर आधी कागदावर सापडला. युरेनसच्या चालीत थोडा फरक पडत होता. त्यावरून फ्रान्सच्या ल व्हेरिए याने गणित मांडून अमुक ठिकाणी कोणीतरी ओढतो आहे असे सांगितले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण तिकडे वळविताच तो दिसला. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, तेव्हा ग्रह आठ. आणि आपल्या नवग्रहांतील राहू-केतू? ते पिंडच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या दिसणाऱ्या वाटेला जेथे छेदते, ते हे दोन बिंदू. त्यांचे गणित आहे, पण तेथे गिळायला तोंड नाही.

हे सत्य सहज हाती आले नाही. जर्मनीत योहानेस केप्लर नावाचा गणिती होऊन गेला. पोटासाठी तो पत्रिकाही मांडीत असे. टायको ब्राहे याने वीस वर्षे खपून घेतलेले मंगळाचे वेध त्याच्या हाती आले. त्याने मंगळाची वाट वर्तुळ धरून बसविली. सगळे जमले, फरक राहिला फक्त आठ कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या जेमतेम चौथाईचा. दुसरा असता तर म्हणाला असता, ‘चालायचेच!’ केप्लरने तो फरक झाकला नाही. वर्षांची मेहनत मोडून पुन्हा मांडणी केली, आणि १६०९ साली जगाला सांगितले की मंगळाची वाट वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे. पुढे त्याच्याच म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला गेला, तिला वर्षाहून अधिक काळ कैदेत राहावे लागले. या गणिती मुलाने स्वतः तिची बाजू मांडली आणि १६२१ मध्ये ती सुटली. अज्ञानाचा घाव नेहमी दुबळ्यावर आणि बहुधा बाईमाणसावर पडतो, हे त्या देशातही खरे होते.

आपल्याकडे हा घाव कोणावर पडतो? ज्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ सांगितला जातो तिच्यावर. आता पुन्हा हिशेबच करू. पत्रिकेच्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की म्हणतात मंगळ आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे एका दिवसात मंगळ बाराही घरांतून फिरून येतो. बारांतली पाच घरे दोषाची, म्हणजे सरासरीने बारा लेकरांत पाच लेकरे मंगळाची! एवढी माणसे जर जोडीदाराच्या जिवावर उठणारी असती तर गावे ओस पडली असती. तसेच साडेसातीचे. शनीला एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीला अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, मिळून साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही वेळी बारांतल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते. चौघांतला एक! दुःख कोणाच्या घरी नाही? दुःख आले की साडेसाती आठवते, आणि साडेसातीत पोराला नोकरी लागली की ती कोणाला आठवत नाही.

‘पण ग्रहाची ओढ देहावर पडत असेल ना?’ पडते, का नाही? न्यूटनच्या नियमाने हिशेब केला तर बाळंतिणीच्या खोलीत बाळापासून फूटभर अंतरावर असलेल्या सुईणीची ओढ त्या बाळावर शनीच्या ओढीहून कमी भरत नाही. मग पत्रिकेत सुईण का मांडीत नाहीत?

येथे एक शंका राहते. मग पंचांग टाकून द्यावे काय? मुळीच नाही! वारकऱ्याने तर नाहीच नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी होते. तो एकशे वीस अंशांपासून एकशे बत्तीस अंशांपर्यंत जातो ती शुद्ध एकादशी. म्हणजे आषाढीला पंढरीची वाट धरणारा प्रत्येक जण या गणिताच्याच आधाराने चालतो. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून अधिक मास घालावा लागतो. ग्रहण मिनिटा-सेकंदासह आधी सांगता येते. हे गणित खरे आहे, त्याचा मान ठेवावा. त्या गणिताच्या पाठीवर बसून जे भय घरात शिरते, त्याला मात्र दार लावावे.

आपल्याच देशाचा दाखला घ्या. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळाकडे यान निघाले. वार मंगळवार होता. यान वाटेत असताना २०१४ च्या मार्चपासून मेपर्यंत मंगळ वक्री होता. म्हणून काही यान मागे फिरले नाही, की वाट चुकले नाही. मंगळ पुढे कोठे असेल ते गणिताने ठाऊक होते, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते त्याच्याभोवतीच्या कक्षेत जाऊन पोहोचले. ज्यांनी हे केले त्यांनी मंगळाची शांत केली नाही, त्याचा नियम समजून घेतला.

तात्पर्य काय? ग्रह कोणाच्या वाटेस जात नाहीत, ते आपल्या वाटेने जातात. त्यांच्या ठायी राग नाही, लोभ नाही, लाच नाही. राजाच्या घरासाठी एक ओढ आणि रंकाच्या घरासाठी दुसरी, असे तेथे नाही. वाकडेपणा दिसतो तो आपण कोठे उभे आहोत आणि कसे चाललो आहोत, यामुळे. हे एकदा मनावर ठसले की संसारातही उपयोगी पडते. सून वाकडी दिसते, भाऊ उलटा चालतो असे वाटते, तेव्हा क्षणभर थांबून विचारावे, हा खरेच मागे गेला, की मीच वेगात पुढे निघालो म्हणून मला तसा दिसतो?

म्हणून एवढेच मागणे आहे. कर्ज काढून ग्रहशांत करू नका, ते पैसे लेकरांच्या शिक्षणाला लावा. आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. आणि मुलाचे स्थळ पाहताना मुलीचा स्वभाव पाहा, आरोग्य पाहा, दोघांचे मन विचारा. कोट्यवधी किलोमीटर दूर आपल्या वाटेने निमूटपणे चाललेल्या एका दगडी गोळ्याचे नाव सांगून कोणाची लेक दारातून परत पाठवू नका. ज्याच्या सत्तेने सूर्य-चंद्र नेमाने चालतात असे आपण मानतो, त्याला शरण गेलेल्याने त्या सूर्य-चंद्रांना भ्यावे, हे शोभत नाही.

रामकृष्णहरि.