खांद्यावरची सेवा आणि जिन्यावरची खुर्ची

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात उभी राहू लागली, तसे मराठवाड्याच्या गावागावांतून तरुण जालना रोडवर कामाला येऊ लागले. सत्तरच्या दशकात सिडकोने शेजारीच नवं शहर वसवायला घेतलं. कोणी तिथे हप्त्यांवर लहानसं घर घेतलं, तर कोणी चिकलठाण्यातच गुंठा-दीड गुंठा जागा घेऊन दोन खोल्या काढल्या. मुलं मोठी झाली, सुना आल्या, घरावर मजला चढला. जिना मात्र उरलेल्या जागेत बसवावा लागला. दुमजली रो-हाऊसच्या जिन्याला राष्ट्रीय इमारत संहिता ७५ सेंटिमीटर रुंदी पुरेशी मानते. एका माणसाला तेवढी पुरते. दोघांनी मिळून तिसऱ्याला उचलून न्यायचं, तर पुरत नाही.

त्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे. गुडघे गेलेली आई जिना चढते तेव्हा एक पाय वरच्या पायरीवर ठेवते, मग दुसरा पायही त्याच पायरीवर आणते. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. वळणावरच्या तिकोनी पायरीवर ती थांबते, कारण तिथे आतल्या बाजूला पाऊल मावत नाही. वर गच्चीत तिची तुळस असते, वाळत घातलेल्या डाळी असतात, नातवंडांची खोली असते. मुलगा खालून म्हणतो, “आई, थांब, मी येतो.” ती म्हणते, “नको रे, राहू दे. उद्या जाईन.”

अशा घरात कोणीतरी स्टेअरलिफ्टचं, म्हणजे जिन्याच्या कडेने रुळावरून वर-खाली जाणाऱ्या खुर्चीचं नाव काढतं. मग पैशांची चर्चा होते, जागेची होते, आणि थोड्या वेळाने एखादे वडीलधारे नातेवाईक खरा प्रश्न विचारतात: पोटची पोरं घरात असताना आईला यंत्राच्या हवाली करायचं का? तिला हात धरून वर नेणं हा मुलाचा धर्म आहे. तो मोटारीवर सोपवला, तर सेवा कोणी केली?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आई-वडिलांना देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना करतो. कुराणाची सतरावी सूरा म्हाताऱ्या आई-बापांपुढे वैतागाचा साधा उद्गारही काढू नये असं बजावते. श्रावणबाळाची कावड मराठी घरात मुलांना लहानपणीच भेटते. म्हाताऱ्यांचा भार अंगावर घेणं हेच पुत्रधर्माचं रूप म्हणून आपल्या डोळ्यांपुढे असतं आणि त्या रूपात मोठं सौंदर्य आहे, हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे.

चिकलठाण्याहून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे पायऱ्या चढवत नाहीत अशा वृद्धांना डोलीवाले खुर्चीत बसवून लेण्यांपर्यंत नेतात. चार माणसं, बांबूंवर बांधलेली खुर्ची, घामेजलेले खांदे. त्याच लेण्यांत, दहा क्रमांकाच्या चैत्यगृहात, श्याम जातकाची चित्रं आहेत. श्याम हा अरण्यात राहणाऱ्या आंधळ्या आई-वडिलांचा मुलगा. त्यांच्यासाठी पाणी भरताना राजाच्या बाणाने तो कोसळतो. श्रावणाच्या कथेशी असलेलं नातं लगेच ओळखू येतं. पण पाली जातकात एक तपशील आहे, जो सहसा सांगितला जात नाही. आई-वडिलांची दृष्टी गेल्यावर श्यामने आश्रमात सगळीकडे दोर बांधले: रात्री झोपायच्या जागेपासून दिवसा बसायच्या जागेपर्यंत, फिरायच्या वाटेपर्यंत. दोराला धरून ते दोघे आपले आपण हिंडत.

पाणी आणणारा, फळं आणणारा, सगळं आयुष्य त्या दोघांना दिलेला मुलगा दोर का बांधतो? प्रत्येक वेळी हात धरून नेणं त्याला जड नव्हतं. तो पाण्याला गेलेला असताना आईला उठून चार पावलं टाकावीशी वाटली, तर त्याची वाट पाहावी लागू नये, एवढीच त्यामागची समजूत. दोराने श्यामची सेवा कमी झाली नाही. ती त्याच्या गैरहजेरीतही चालू राहिली. जिन्यावरच्या रुळाकडे या कथेच्या उजेडात पाहिलं, की नातेवाइकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

अंगुत्तर निकायातलं बुद्धाचं एक वचन त्याहून पुढे जातं. आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन माणूस शंभर वर्षं वावरला, तरी त्यांचं ऋण फिटत नाही, असं तिथे म्हटलं आहे. फेड होते ती त्यांच्या ठायी श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा रुजवण्याने. म्हणजे वाहून नेण्याच्या कष्टाला मान आहे, पण अखेरचं मोल त्या माणसाच्या आतल्या जीवनाला आहे. करणाऱ्याने किती घाम गाळला, यापेक्षा जिच्यासाठी केलं तिला काय मिळालं, हे पाहायचं. चिकलठाण्यातली आई ‘उद्या जाईन’ म्हणते, तेव्हा तिला गच्चीत जायचं नसतं असं नाही. तिला मागायचं नसतं. दिवसातून चारदा कोणाला हाक मारायची, आणि ती हाक बहुतेक वेळा सुनेच्या कंबरेवर येऊन पडायची, हे ती जाणून असते. खांद्यावरच्या सेवेची थोरवी गाताना तो खांदा घरात नेमका कोणाचा, हे विचारायचं राहून जातं.

याच जिल्ह्यातल्या पैठणची एक आठवण इथे कामाची आहे. संत एकनाथांच्या वाड्यात साक्षात देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन गोदावरीचं पाणी कावडीने भरत राहिला, अशी कथा परंपरेने जपली आहे. वाड्यातला रांजण नाथषष्ठीच्या काळात आजही भाविक भरतात. त्या कथेतली सगळ्यात खोल गोष्ट म्हणजे देवाने आपली ओळख दिली नाही. ओळख दिली असती, तर नाथांना त्या पाण्याचा घोट घेणंही अवघड झालं असतं. ज्याची सेवा करायची त्याला ऋणाखाली दबू न देणं हा सेवेचाच भाग आहे. यंत्रात देवपण नाही, पण कोणाचे उपकार न वाटता वर जाता येणं ही गोष्ट ते देऊ शकतं, आणि म्हातारपणी ती फार मोठी असते.

यंत्राबद्दल धास्ती वाटणाऱ्यांनी गांधीजींकडेही वळावं. ‘हिंद स्वराज’मध्ये १९०९ साली यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी दिल्लीत झालेल्या संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने ते घडवलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जिन्यावरच्या खुर्चीच्या जन्माचीही अशीच हकिगत सांगतात: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२०च्या दशकात आजारी मित्राला मजले चढता-उतरता यावेत म्हणून रुळावरची खुर्ची बनवली. पण गांधीजींची दुसरी अटही विसरून चालणार नाही. यंत्राने माणसाचे अवयव लुळे पडू नयेत, असं त्यांनी त्याच संभाषणात म्हटलं होतं. ज्याला कठडा धरून सावकाश का होईना चढता येतं, त्याने आधी दोन्ही बाजूंना कठडे लावावेत, पायऱ्यांवर उजेड वाढवावा, फिजिओथेरपिस्टला विचारावं. खुर्ची त्यानंतर. ती काही लाखांची वस्तू आहे आणि सगळ्या घरांना परवडणारी नाही. दुसरा कठडा मात्र बहुतेकांना परवडतो.

एक आक्षेप धर्माच्या अंगाने येतो. उतारवयात मन आवरतं घ्यावं, खाली एका खोलीत नामस्मरण करावं, गच्ची आणि डाळी हव्यात कशाला? वानप्रस्थाची कल्पना आपल्याकडे आहेच. मात्र वानप्रस्थ म्हणजे उठून निघणं आहे, आणि ते निघणाऱ्याने स्वतः ठरवायचं असतं. जिना चढवत नाही म्हणून सुटलेली गच्ची हे वैराग्य नाही, ती अडवणूक आहे. आईला वर जाता येत असेल आणि तरीही तिने खालची खोली निवडली, तर त्या निवडीला अर्थ आहे. कित्येकदा खाली पलंग टाकणं हाच शहाणा उपाय असतो. फक्त तो तिचा निर्णय असावा.

खुर्ची बसवायचं ठरलं, की विचार हातोड्या-ड्रिलपर्यंत येतो. रूळ सहसा भिंतीला लागत नाही, पायऱ्यांवर ठोकलेल्या आधारांवर बसतो. म्हणून पायऱ्या भरीव काँक्रीटच्या आहेत की नुसत्या भिंतीत खोचलेल्या फरशा, हे आधी तपासावं लागतं. सरळ जिन्याला सरळ रूळ लागतो, तो कापून लवकर बसतो. वळणाच्या जिन्याला माप घेऊन खास रूळ वाकवून घ्यावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो. घडी केलेली खुर्चीसुद्धा तीस-चाळीस सेंटिमीटर जागा अडवते. ७५ सेंटिमीटरच्या जिन्यात बाकीच्यांना कसं जाता येईल, ते खडूने आखून पाहावं. युरोपीय मानक वेगाची मर्यादा सेकंदाला १५ सेंटिमीटर ठेवतं, म्हणजे पाच मीटरचा रूळ चढायला अर्धं मिनिट. बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात आणि रुळाच्या टोकाला चार्ज होतात, त्यामुळे वीज गेली तरी माणूस मध्येच अडकत नाही. वर पोचल्यावर बैठक जिन्याकडे पाठ होईल अशी फिरली पाहिजे. उतरताना तोल जायचा धोका तिथेच असतो. आणि बिघाड झाला तर कारागीर शहरातून येणार की पुण्या-मुंबईहून, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

यंत्र एक गोष्ट देत नाही. पंढरपूरच्या कथेत पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत गुंतला होता म्हणून त्याने देवाला विटेवर थांबायला सांगितलं. त्याने त्या दोघांना आपला वेळ दिला होता, इतका की देवाला वाट पाहावी लागली. खुर्ची मुलाचा वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ मोबाइलमध्ये गेला, तर नातेवाइकांचा आक्षेप खरा ठरतो. आई गच्चीत पोचल्यावर तुळशीजवळ तिच्याबरोबर कोणी बसतं का, यावर रुळाचा खर्च सार्थकी लागला की नाही ते अवलंबून आहे.

आणि खुर्ची सदैव पुरत नाही. अर्धांगाने तोल गेलेल्या, ताठ बसता न येणाऱ्या किंवा विसरभोळेपणात मध्येच पट्टा सोडणाऱ्या माणसाला ती धोक्याची ठरते. तेव्हा खालचा पलंग आणि माणसांचे हातच उरतात. म्हणून हे बोलणं आई नीट बोलू-चालू शकते तोवर, तिच्यासमोर व्हावं. माप घ्यायला माणूस येईल त्या दिवशी ती त्या जिन्यापाशी असावी. तिला कोणत्या हाताने बटण दाबवतं, बसताना कोणत्या गुडघ्याला टेकू लागतो, दिवसातून किती वेळा वर जायचं आहे आणि कशासाठी, हे तिने सांगावं आणि रूळ त्यानुसार डाव्या बाजूला लागावा की उजव्या, ते ठरावं.