फुलण्यापूर्वीची बदली

दिल्लीत डिसेंबर लागला की आमच्या सरकारी बिऱ्हाडातली दक्षिणेची खिडकी माणसांना वर्ज्य होते. तेथे कॅटलियाची चाळीस रोपे हिवाळ्यापुरती मुक्कामाला येतात. काचेच्या बाटलीतून ती नुकतीच बाहेर पडलेली. पाने करंगळीच्या नखापेक्षा फारशी मोठी नाहीत. ऑर्किडच्या बियांत अंकुरासाठी शिदोरी अशी नसतेच. रानात एखाद्या बुरशीने पोसले तरच त्या रुजतात. १९२२ साली न्यूडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगरवर त्या बुरशीवाचून रुजवून दाखविल्या, म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरी ही पोरे येऊ शकली.

परवा एक स्नेही ही पलटण पाहून म्हणाले, "अहो, बीपासून फुलापर्यंत पाच ते सात वर्षे लागतात म्हणता आणि तुमची येथली मुदत तीन वर्षांची. मग फुले पाहणार कोण?" मी हसून निष्काम कर्माचा दाखला दिला. आपणा बदलीवाल्यांना हे उत्तर तोंडपाठ असते, आणि म्हणूनच अलीकडे मला त्याचा संशय येऊ लागला आहे.

याआधीच्या गावाहून निघताना मी अशीच रोपे माझ्या जागी आलेल्या गृहस्थांच्या स्वाधीन केली होती. "आता ती तुमची," असे मोठ्या उदारपणे म्हणालो आणि आपण किती अनासक्त आहोत या विचाराने गाडीत बसल्यावर थोडा सुखावलोही. जानेवारीअखेर त्यांचे पत्र आले. रोपे गेली होती. त्यांनी हयगय केली नव्हती. मोठ्या झाडांना जे मानवते तेच त्यांनी लहानांना दिले होते. हिमालयाच्या पायथ्याच्या डेंड्रोबियम नोबिलीला हिवाळ्यात जवळजवळ कोरडी विश्रांती हवी असते. ती न मिळाली तर कळ्यांच्या जागी नुसती पिल्लेच फुटतात. त्याच्या जाड खोडात साठा असतो. रोपाजवळ तो कोठून असणार? त्याला हिवाळ्यातही वाढतच राहावे लागते. रात्री पंधरा-सोळा अंशांची ऊब, हवेत ओलावा, आणि पाणी सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यातले थेंब सुकतात. ते राहिले तर कोवळा गाभा दोन दिवसांत कुजतो. हे सारे मला ठाऊक होते. सांगायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी निरोपसमारंभात घालविला.

फळाची आशा सोडणे आणि कामातून अंग काढून घेणे या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. कार्यालयात तर त्यांतला भेद कळण्याची सोयच नाही. अर्धवट फाईल कपाटात कुजत नाही, ती वाट पाहते. कोवळा जीव वाट पाहत नाही. फूल मला दिसणार नाही याचे दुःख मी केव्हाच गिळले होते. पण फूल कोणालाच दिसणार नाही अशी व्यवस्था मी करून ठेवली, त्याला वैराग्य कसे म्हणू?

मग जे शेवटास नेता येणार नाही ते हाती घेऊच नये काय? तसे ठरविले तर आपल्यापैकी कोणी अंगणात आंबाही लावायला नको, आणि परमुलखात लेकरांना शाळेत तरी कोणत्या हिशेबाने घालावे?

यंदा मी बदलीच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. शेजारच्या बिऱ्हाडातील सरदारजींची धाकटी मुलगी दिवाळीपासून रोज सकाळी येते. कमाल-किमान तापमान ती वहीत टिपते. हीटरची झळ रोपांपर्यंत पोहोचू नये म्हणून तिने मध्ये पडदा लावला आहे आणि पाण्याच्या पसरट थाळीत खडे टाकून त्यावर कुंड्या ठेविल्या आहेत. काल बाहेरचा पारा पाच अंशांवर होता. धास्तीने मी संध्याकाळीच झारी उचलली, तर तिने ती माझ्या हातून काढून घेतली. "अंकलजी, सुबह," ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहू लागली.