कापड मापता येण्याचे वय

'कमिंग ऑफ एज' म्हटले की आज कादंबरी किंवा चित्रपट आठवतो: कोवळा नायक, पहिला प्रेमभंग, घरच्यांशी खटके आणि अखेर आलेली समज. हा अर्थ बराच उशिराचा. मुळात हा वकिलांचा शब्दप्रयोग, आणि त्यात हाती यायची ती समज नव्हे, जमीन. बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या इंग्लिश कायदेग्रंथात वारस सज्ञान कधी होतो, याची तीन उत्तरे आहेत. लष्करी चाकरीच्या जमिनीवरील नाइटचा मुलगा २१ पूर्ण झाल्यावर. चाकरीऐवजी ठरलेला खंड देणाऱ्या कुळाचा मुलगा १५ पूर्ण झाल्यावर. आणि शहरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा पैसे मोजू लागला, कापड मापू लागला, बापाचा व्यवहार सांभाळू लागला की. थोडक्यात, मुलगा हाताशी आला की. तिन्हींत हे शेवटचे उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यात आकडाच नाही.

टिकला मात्र नाइटचा आकडा, आणि हळूहळू तो सगळ्यांनाच लागू झाला. चिलखताचे ओझे पेलायला तेवढे वय लागे, असे कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नसेल, पण अपुरे आहे. वारस अज्ञान असेपर्यंत जमिनीचे उत्पन्न सरंजामदार घेई, वारसाचे लग्नही तोच ठरवी. मुलगा जितका उशिरा मोठा होईल तितका सरंजामदाराचा फायदा. ही पद्धत १६६० मध्ये कायद्याने बंद झाली, चिलखतेही गेली, तरी २१ राहिले. त्याच इंग्लिश कायदेव्यवस्थेत मुलीला १२व्या आणि मुलाला १४व्या वर्षी लग्न करता येई, अगदी १९२९ पर्यंत. म्हणजे संसार मांडण्याइतकी अक्कल असलेल्याला शेत विकण्याची अक्कल नव्हती. अठराव्या शतकात इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने देशोदेशीची वेगवेगळी वये मांडून ही मर्यादा निव्वळ मानवी ठरावाची असल्याचे मान्यच केले होते. त्याचा पुरावा इंग्रजांनी स्वतःच दिला: १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने इथे साधारणपणे १८ हे वय ठरवले (लग्न, दत्तक वगैरे बाबी वगळून). पुण्यातला अठरा वर्षांचा तरुण करार करू शके, लंडनमधला त्याच वयाचा मात्र कायद्याच्या भाषेत बालक. लंडनला १८ वर यायला १ जानेवारी १९७० उजाडावा लागला. बुद्धीला हवापाणी मानवते असे समजले, तरी एवढा फरक पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, कायद्याचे राहू द्या, साहित्याने त्या शब्दाला खरा अर्थ दिलाच ना? दिला, पण तारखेशी फारकत घेऊनच. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये पिप २१ वर्षांचा होतो, त्या दिवशी वकील त्याला ५०० पौंडांची नोट देतो. पिप तेव्हा कर्जात बुडालेला आणि स्वतःविषयीच्या भ्रमातही. शहाणपण त्याला येते ते पुढे, पैसा हातचा गेल्यावर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडा आंधळा असला तरी न्यायी असतो. कापड मापण्याची परीक्षा घेणार कोण? बापच, किंवा कारकून. आणि मग गरिबाचे पोर आयुष्यभर नापास. हे मला पटते. आकडा हवाच. पण तो मनाचे माप आहे असा दावा करू नये. कोणावर कोणते ओझे टाकायचे याचा तो समाजाचा हिशेब असतो. मेंदू पंचविशीत परिपक्व होतो, हे हल्लीचे लाडके वाक्यही त्याच मोहातले. मेंदूतले बदल विशीतही चालू राहतात हे खरे, पण ते अमुक वाढदिवशी थांबत नाहीत.

हिशेब आहे म्हणूनच आकडे एकाच वेळी दोन्ही दिशांना सरकतात. भारताने मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आणले. स्कॉटलंड आणि वेल्सने आपापल्या संसदांसाठी ते १६ केले, तर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाचे वय १६ वरून १८ वर गेले आहे. आणि त्याच दोन देशांत मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे वय १९६३ च्या कायद्याने ठरवलेले १० वर्षेच आहे.