घामाचा हक्क

आमच्या कोकणातून १९७० च्या दशकापासून माणसं रोजीसाठी आखातात जात आहेत. सौदीतला इकामा नोकरीशी बांधलेला. तीस वर्षं राबलेल्यालाही तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही. कॅनडात कामाच्या परवान्यावर गेलेला माणूस कायम रहिवासी होऊ शकतो. पुढे पाच वर्षांत १०९५ दिवस राहिला की नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो.

कोणी म्हणेल, करार मान्य करूनच गेलात ना? खरं आहे. पण करार श्रमाची किंमत ठरवतो, खर्ची पडलेल्या उमेदीची नाही. त्या उमेदीतून राहण्याचा हक्क उपजतो, असं आम्ही मानतो.

मग आमच्या गावात वर्षानुवर्षं राबणाऱ्या परप्रांतीयाचं काय? त्याला तो हक्क संविधानानं दिला आहे. आम्ही मनानं दिला का?