पितामहाची अंत्येष्टी आणि सैनिकाचा मान

दुर्ग शहर मागे टाकून लोहमार्गाने पश्चिमेकडे निघाले की शिवनाथ नदी ओलांडल्यावर रसमडा हे लहानसे स्थानक लागते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या टापूत मराठी घराणी राहत आली. पुढे १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोटापाण्यासाठी आणखी कितीतरी कुटुंबे येथे आली. अशा एखाद्या घरी सहज घडावा असा प्रसंग वाचकांनी मनापुढे आणावा.

घरातील वृद्ध आजोबा पहाटे निवर्तले आहेत. तरुणपणी ते सैन्यात होते. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे त्यांनी पाहिली, नंतर परत येऊन शेती केली, मुलांची लग्ने केली. ट्रंकेत त्यांचा गणवेश आणि पदके जपून ठेवलेली आहेत. नातू हट्ट धरून बसला आहे, "काका, आजोबांना सैन्याची सलामी मिळाल्यावाचून त्यांना हलवायचे नाही." काका म्हणतात, "अरे, उन्हे चढली. वाट तरी किती पाहायची?" आणि कोपऱ्यात बसलेली आजी एवढेच म्हणते, "त्यांना ताटकळत ठेवू नका रे. आयुष्यभर ते वेळेवर निघाले."

या तिघांपैकी कोणाचेच म्हणणे अधर्माचे नाही. म्हणूनच प्रश्न कठीण आहे. ज्या गीतेने आत्मा मरत नाही असे पहिल्याच उपदेशात सांगितले, ती गीता वाचणाऱ्या घराने मृतदेहाच्या मानासाठी एवढे अडून बसावे काय? आणि अडून बसू नये म्हणावे, तर ज्याने देशासाठी प्राण पणाला लावले त्याला निमूटपणे चितेवर ठेवणे हे कृतघ्नपणाचे होणार नाही काय?

महाभारताकडे पाहिले तर असे दिसते की हा प्रसंग कुरुकुलात घडून गेलेला आहे. भीष्म हे पितामह, आणि त्यांच्या काळातील सर्वांत ज्येष्ठ सैनिक. शरशय्येवर त्यांचे मस्तक खाली लोंबू लागले तेव्हा राजेलोकांनी मऊ उशा आणल्या. पितामहांनी त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण मारून मस्तकाला आधार दिला, तेव्हा ते संतुष्ट झाले. आजोबांना काय शोभते हे नातवाला कळले होते. पाडणारा नातू तोच होता आणि उशी देणाराही तोच, हे विसरता येत नाही.

अठ्ठावन्न रात्री बाणांवर काढून उत्तरायणात भीष्मांनी देह ठेवला. अनुशासनपर्वाच्या शेवटी त्यांच्या अंत्येष्टीचे जे वर्णन आहे ते सावकाश वाचण्यासारखे आहे. युधिष्ठिर आणि विदुर यांनी पितामहांचा देह रेशमी वस्त्रांनी आणि माळांनी झाकला. युयुत्सूने छत्र धरले. भीम आणि अर्जुन यांनी शुभ्र चामरे धरली. माद्रीच्या दोन्ही पुत्रांनी शिरोवेष्टन धरले. कुलस्त्रियांनी ताडाच्या पंख्यांनी वारा घातला, सामगायकांनी सामे गायिली, आणि मग चिता पेटली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की छत्र, चामर आणि शिरोवेष्टन ही तीनही चिन्हे नोकरांच्या हाती दिलेली नाहीत. राज्य जिंकलेल्या नातवंडांनी ती स्वतःच्या हातात धरली. मान बाहेरून मागवलेला नव्हता. घरच्यांनीच दिलेला होता. आणि तो अशा वीराला दिलेला होता की जो दहा दिवस त्यांच्याच विरुद्ध लढला.

सैनिकाच्या अंत्येष्टीत त्याच्या शस्त्राला स्थान असावे ही कल्पनाही आपल्याकडे फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अंत्यसूक्त आहे. त्यात मृताच्या हातातील धनुष्य जिवंत माणूस आपल्या हाती घेतो, ते मागे राहिलेल्यांना बळ आणि तेज यावे म्हणून. आश्वलायन गृह्यसूत्रात याचा विधी दिला आहे: क्षत्रियाच्या देहाशेजारी धनुष्य ठेवावे, मग ते उचलून घ्यावे, प्रत्यंचा चढवावी, आणि शेवटी मोडून चितेवर टाकावे. आज शवपेटीवर सैनिकाची टोपी, पट्टा आणि पदके ठेवतात; जवान आपल्या बंदुका उलट्या धरून मस्तक लववतात आणि त्या आज्ञेला 'शोक शस्त्र' म्हणतात. शस्त्राने क्षणभर शस्त्रपण सोडावे, हा भाव दोन्हीकडे एकच आहे. मात्र हवेत झाडल्या जाणाऱ्या तीन फैरींचा संबंध अर्जुनाच्या तीन बाणांशी जोडण्याचा मोह आवरावा. ती चाल युरोपातील रणांगणांवरून आलेली आहे, आणि संख्या जुळली म्हणून परंपरा जुळत नाही. तशीच बिगुलाची ती संथ धून. इंग्रजी छावणीत दिवसाचे शेवटचे पहारे तपासून झाले की ती वाजत असे. आता विश्रांती घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. पण अर्थ चांगला असेल तर तो परक्या वाद्यातून आला म्हणून त्याज्य होत नाही.

कोणी शंका घेईल की बंदुकीच्या फैरी म्हणजे हिंसेचा गौरव नव्हे काय? त्याने ३१ जानेवारी १९४८ हा दिवस आठवावा. त्या दिवशी दिल्लीत महात्मा गांधींचा देह सैन्याच्या वाहनावर ठेवला होता आणि तिन्ही दलांच्या जवानांनी ते वाहन दोरखंडांनी ओढत यमुनेकाठी नेले. ते योग्य झाले की नाही यावर तेव्हाही मतभेद होते. परंतु एवढे खरे की ज्यांनी दोर ओढले त्यांच्या मनात हिंसेचा गौरव नव्हता. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने वाहिले.

आता व्यवहाराची बाजू, कारण तिच्या अज्ञानामुळे भल्या घरांतूनही चूक होते. निवृत्त होऊन घरी वारलेल्या प्रत्येक सैनिकाला पूर्ण लष्करी इतमाम मिळतोच असे नाही. पद, शौर्यपदक, मृत्यूचे कारण आणि जवळच्या लष्करी ठाण्याला तुकडी पाठवणे शक्य आहे की नाही, यांवर ते अवलंबून असते. म्हणून घरातील एका शांत माणसाने आजोबांचे सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाचा कागद हाताशी घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या छावणीला लगेच कळवावे. वास्तविक हे कागद कोठे आहेत ते आजोबा हयात असतानाच विचारून ठेवावे. त्यात अशुभ काही नाही. कोणी पुष्पचक्र घेऊन येऊ शकेल काय, आणि किती वाजेपर्यंत, एवढे विचारावे, आणि जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे प्रस्थानाची वेळ ठरवावी.

राष्ट्रध्वजाबाबत मात्र अतिशय जपावे. प्रेमाच्या भरात घरचा तिरंगा आणून देहावर पांघरण्याची इच्छा होते. परंतु १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीवाचून ध्वज असा पांघरता येत नाही. २००२ च्या ध्वजसंहितेने असेही सांगितले आहे की इतमामाच्या वेळी केशरी पट्टा मस्तकाकडे असावा, आणि ध्वज चितेत जाळू नये किंवा कबरीत उतरवू नये. देह अग्नीला जातो, ध्वज राहतो. ज्या घरी इतमाम लाभला नाही तेथे आजोबांची टोपी आणि पदके उशाशी ठेवावीत; त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पण नातवाच्या मनातील सल एवढ्याने जात नाही. शेजारच्या गावी कोणा सैनिकाला सलामी मिळाली आणि आपल्या आजोबांना मिळाली नाही, ही गोष्ट त्याला अपमानाची वाटते. गीतेचे दुसऱ्या अध्यायातील चौतिसावे श्लोकस्थान पाहिले तर भगवंतांनीही मानाची भाषा वापरली आहे: प्रतिष्ठिताला अपकीर्ती मरणाहून अधिक दुःख देते, असे ते अर्जुनाला सांगतात. आणि तेच भगवंत बाराव्या अध्यायात म्हणतात की मान आणि अपमान ज्याला सारखे, तो भक्त मला प्रिय. हा विरोध दिसतो खरा, परंतु पहिले वचन ज्याला अजून कर्म करायचे आहे त्याला उद्देशून आहे. मान गमावण्याच्या भयाने का होईना, त्याने कर्तव्य सोडू नये. आजोबांचे कर्म पूर्ण झालेले आहे. त्यांचा मान आता कोणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि कोणी न दिल्याने तो उणाही होत नाही.

उरतो तो देणाऱ्याचा धर्म. त्यासाठी सतराव्या अध्यायाकडे वळले पाहिजे. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस, चंचल आणि अस्थिर असते, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण दिले आहे: देणे हे कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला दिलेले दान. आता असा विचार करावा की ज्याच्याकडून परतफेड मुळीच संभवत नाही असा मृताहून दुसरा कोण आहे? आजोबा आता आशीर्वादाला हात उचलणार नाहीत, शाबासकी देणार नाहीत. म्हणून नातवाने दिलेला मान हे शुद्ध दान होऊ शकते. पण गावाने पाहावे, छायाचित्र निघावे, काकांपेक्षा आपले आजोबांवर अधिक प्रेम होते हे सिद्ध व्हावे, असे काही त्यात मिसळले की तेच दान क्षणात राजस होते. परीक्षा एकच आहे. तुकडी येणार नाही असा निरोप आला, तर नातवाचे हात आजोबांना स्नान घालताना तेवढेच हळुवार राहतात काय?

मोठ्यांनाही मान कधी पुरा मिळतो, कधी अपुरा. वायुदलाचे मार्शल अर्जनसिंग २०१७ साली गेले तेव्हा दिल्लीत सतरा तोफांची सलामी झाली. १९७१ च्या विजयाचे सेनापती फील्ड मार्शल माणेकशा २००८ साली निलगिरीत वारले. त्यांचा अंत्यविधी सैनिकी इतमामाने झाला, तरी देशाच्या सर्वोच्च पदांवरील मंडळी तेथे दिसली नाहीत, याची खंत अनेकांनी बोलून दाखवली. खंत रास्त होती. पण त्यामुळे १९७१ चा इतिहास बदलला नाही.

आणखी एक समजूत काढून टाकावी, ती म्हणजे रणात पडला तोच खरा वीर. रणात धारातीर्थी पडलेल्याचे आशौच तत्काळ फिटते असे मनूने सांगितले आहे, आणि घरी वारलेल्या सैनिकाचे आशौच इतरांप्रमाणेच पाळायचे असते. पण हा आशौचाचा निर्णय आहे, योग्यतेचा नव्हे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर शत्रूच्या माऱ्यात सुरुंग काढून रणगाड्यांना मार्ग करून दिला. त्यांना परमवीरचक्र मिळाले, आणि त्यानंतर ते सेहेचाळीस वर्षे जगले. १९९४ साली पुण्यात वारले. वृद्धापकाळ लाभला म्हणून त्या चार दिवसांचे मोल कमी झाले असे कोण म्हणेल? अठराव्या अध्यायात क्षात्रकर्म सांगताना शौर्याबरोबर धृती आणि दानही मोजले आहे. युद्धावरून येऊन जो मुकाट्याने नांगर धरतो, रात्री दचकून जागा होतो आणि सकाळी कोणाला काही सांगत नाही, त्याच्या धृतीला साक्षीदार असते ती केवळ त्याची पत्नी. रसमड्याच्या त्या घरी आजीचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे ते याचसाठी. किती वेळ थांबायचे हे तिने ठरवावे. तुकडी आली तर पुष्पचक्र तिच्या समोरून जावे. न आली तर नातवाने आजोबांची टोपी तिच्या हाती द्यावी, आणि काकांनी शिवनाथेच्या वाटेला लागावे.

भीष्मांना पुत्र नव्हता. म्हणून माघ शुद्ध अष्टमीला, ज्यांचा त्यांच्याशी कुळाचा काही संबंध नाही असे असंख्य गृहस्थ नदीकाठी किंवा घरच्या अंगणात उभे राहून त्या वृद्ध योद्ध्याच्या नावाने ओंजळभर पाणी सोडतात. येत्या भीष्माष्टमीला त्या पाण्याबरोबर नातवाने आजोबांचे नावही घ्यावे, आणि त्यांच्या पलटणीतील जे सोबती परत आले नाहीत त्यांची नावे आजीला ठाऊक असतील, तर तीही.