सण संपला, चला नाझरेथला



प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळ संपतो. दुसऱ्याच दिवशी वेदीवरचा शुभ्र रंग जाऊन हिरवा येतो आणि सामान्य काळ सुरू होतो. वेदीवर हा बदल एका रात्रीत होतो. लहान मुलांच्या घरात मात्र तसे होत नाही. नाताळच्या सुटीत रात्री उशिरापर्यंत जागलेले मूल शाळेच्या दिवशी सकाळी उठत नाही. वडिलांना लोकल गाठायची असते, आईचा डबा व्हायचा असतो. सणाच्या खर्चाचा हिशेब दोघांच्याही डोक्यात असतो. मग आवाज चढतो, कधी हातही उठतो. ज्या घरात आपण परवाच शांतीची गीते गायली, तिथेच मूल रडत शाळेला जाते.

पवित्र कुटुंबालाही सणानंतरचा परतीचा प्रवास सोपा गेला नाही. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो, की येशू १२ वर्षांचा असताना ते वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेले. सण आटोपून निघाले आणि एका दिवसाची वाट चालल्यावर लक्षात आले, मुलगा बरोबर नाही! तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. त्या आईबापांच्या जिवाची काय दशा झाली असेल! तरीही मरियेने काय केले? आपल्या मनातले दुःख मुलाला स्पष्ट सांगितले, 'असे का केलेस?' म्हणून विचारले आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर त्यांना समजले नाही, तरी तिने सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. मग तिघेही नाझरेथला परतले. तिथल्या रोजच्या साध्या दिवसांत येशू आईवडिलांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला.

दि. ५ जानेवारी १९६४ रोजी पोप सहावे पौल नाझरेथला गेले, तेव्हा त्यांनी या घराला शाळा म्हटले. या शाळेत मौन, कौटुंबिक जीवन आणि काम असे तीन धडे मिळतात, असे त्यांनी सांगितले. हे तीनही धडे सणाच्या गडबडीत नव्हे, तर सामान्य दिवसांतच गिरवता येतात.

सुटीत मजा केली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मनालाही विश्रांती लागते, हे पटवून देताना संत थॉमस अक्वायनस धनुष्याचे उदाहरण देतात: सतत ताणून ठेवलेले धनुष्य मोडते. पण सैल सोडलेली दोरी पुन्हा चढवताना एकदम हिसका देऊ नये, एवढे आपण लक्षात ठेवू या.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. झोपायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणा. टीव्ही व मोबाइल आधी बंद करा. दप्तर-गणवेश रात्रीच तयार ठेवा. गोठा काढताना मुलांना बरोबर घ्या. बाळ येशूची मूर्ती त्यांच्याच हातांनी कागदात गुंडाळू द्या आणि सांगा, 'मूर्ती पेटीत गेली, येशू मात्र आपल्याबरोबरच आहे.' खर्चाची बोलणी मुले झोपल्यावर करा. त्यांच्यासमोर सणाचे पैसे काढले, तर आपल्यामुळेच घरात भांडण झाले असे त्या कोवळ्या जिवांना वाटते.

आणि रात्री जेवणानंतर पाच मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसा. पूर्ण रोझरी जमली नाही तरी एक 'नमो मरिया' म्हणा. दिवसा कोणावर रागावला असाल, तर झोपण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरून हात फिरवा. गोठ्यावरचे दिवे विझले तरी त्या हाताची ऊब लेकराला वर्षभर पुरेल.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांना धीर व शांती देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू