बरं आहे!

'काय, कसं काय?' असं कुणी विचारलं की 'बरं आहे' म्हणायचं, हे आमच्या घराण्यात बाराखडीच्या आधी शिकवतात. आजोबा शेवटच्या दुखण्यातसुद्धा समाचाराला येणाऱ्यांना 'बरं आहे' म्हणत. त्यामुळं सिंहगड रस्त्यावर एका मोटारीनं माझ्या स्कूटरला, आणि ओघानंच माझ्या उजव्या पायाला, धडक दिली तेव्हा जमलेल्या लोकांना मी आडव्या अवस्थेतच 'बरं आहे' म्हणालो.

पायात सळई पडली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज पडला. वकीलसाहेबांनी पहिली ताकीद दिली, ''यापुढं कुणालाही 'बरं आहे' म्हणायचं नाही!''

तिथला हिशेब मोठा मजेशीर. वर्षाची मिळकत, गुणिले अपंगत्वाचे टक्के, गुणिले वयाचा गुणक. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सरला वर्मा खटल्यात त्याचा तक्ताच घालून दिलाय : विशी-पंचविशीला १८, माझ्या बावन्न वर्षांना ११. म्हणजे पडायचंच होतं तर वेळेवर पडायला हवं होतं. वेदनांचा रकाना वेगळा.

टक्के ठरवायला डॉक्टरांकडे गेलो. दारापर्यंत बरा चाललो. दार उघडलं आणि पाय आपोआप जास्तच लंगडला. आता यात खोटं काय? रात्री जिना चढताना तो असाच लंगडतो. रात्रीचं दुखणं सकाळी अकराला दाखवलं, इतकंच! पण मग शेजाऱ्यांना रोज 'बरं आहे' सांगतो, ते काय? ते खोटं फुकट, म्हणून सभ्यपणा. आणि हे खरं पैशासाठी, म्हणून लबाडी? तपासणी संपेपर्यंत मला याचा उलगडा झाला नाही. घरी येताना मात्र पाय खरोखरच दुखत होता. की दुखतोय असं वाटत होतं, देव जाणे.

शेवटी प्रकरण लोक अदालतीत आलं. विमा कंपनीचा वकील पोरगेलासा होता. मला बघून त्यानं स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. ''बसा काका. कसा आहे आता पाय?''

दोन वर्षांत इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं हो!

''बरा आहे,'' मी म्हणालो.

आमचे वकीलसाहेब खोकले, पण उशिरा. मागितल्याच्या निम्म्यावर तडजोड झाली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

रात्री हिनं विचारलं, ''खरं सांगा, दुखतोय?''

''छे! बरं आहे.''

ती काही न बोलता शेकायची पिशवी भरायला उठली.